उभ्या गाडीची बॅटरी: मायनस काढावा, चार्जर लावावा की नवीच टाकावी?

पोरं पुण्यात, आईवडील सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात आणि गाडी पार्किंगमध्ये कव्हराखाली. आमच्या सोसायटीत अशा तीन-चार गाड्या आहेत, त्यांतली एक माझी. गड्ड्याच्या जत्रेला पोरं येतात, किल्ली फिरवतात आणि नुसतं टक-टक-टक.

बंद गाडीतही सेंट्रल लॉक, अलार्म, घड्याळ असं काहीबाही करंट ओढतच असतं. ३० मिलिअँपिअर धरा, महिन्याला साधारण २१ अँपिअर-अवर झाले. छोट्या गाडीची बॅटरीच ३५ची! त्यात आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार, आणि उष्णतेत बॅटरी आपली आपणही लवकर उतरते.

रोज सकाळी पाच मिनिटं गाडी सुरू ठेवणारे काका प्रत्येक गल्लीत असतात. सेल्फ मारताना गेलेला करंट कसाबसा भरून येतो, एवढंच. गाडी पळवायला हवी. दर गुरुवारी अक्कलकोटला जात असाल तर बाकीचं वाचूच नका. जाऊन-येऊन ८० किलोमीटर, बॅटरी खूश, टायरही एका जागी बसत नाहीत. पण निव्वळ बॅटरीसाठी आठवड्याला पाचशेचं पेट्रोल जाळणं मला परवडत नाही.

माझं मत मायनस काढण्याला, म्हणजे बॅटरीच्या मायनस टोकाची वायर सोडवून ठेवण्याला. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना लागतो, खर्च शून्य, आणि धडधाकट बॅटरी दोन-तीन महिने सहज तग धरते. घड्याळ पुन्हा लावावं लागतं, काही गाड्यांत रेडिओ कोड मागतो. मुख्य म्हणजे रिमोट चालणार नाही, म्हणून दार साध्या किल्लीनं उघडतं का हे आधीच बघून ठेवा. बटण-स्टार्ट गाडीत लोक इथंच फसतात.

त्यांना चार्जर बरा. पण स्वयंचलित, बॅटरी भरली की आपोआप मंद होणारा. गॅरेजातला साधा चार्जर लावून विसरलात तर बॅटरी उकळेल. किंमत दोन ते चार हजार. अडचण एकच, पार्किंगमध्ये प्लग पॉइंट. सोसायटीच्या मीटरवर लावलात तर पुढच्या मीटिंगचा विषय तुम्हीच.

जंप केबल, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी सुरू करायच्या वायरी, ही रात्री अडकल्यावरची सोय, कायमचा उपाय नव्हे. काळ्या वायरचं शेवटचं टोक बंद गाडीच्या मायनसला नाही, इंजिनच्या उघड्या धातूला लावायचं, म्हणजे ठिणगी बॅटरीपासून लांब पडते. दुसऱ्या गाडीशिवाय सेल्फ मारून देणारा छोटा बूस्टर घेतलात तर घरात ठेवा. त्यात लिथियमची बॅटरी असते. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो नको.

नवी बॅटरी सगळ्यात शेवटी. मी उलटं केलं होतं. एका मेकॅनिकनं न तपासताच "गेली काका" म्हणून नवी बसवली, तीही दीड महिन्यात झोपली. चोर निघाला डॅशकॅम, थेट बॅटरीला जोडलेला. म्हणून आधी पूर्ण चार्ज करा, मायनस काढून रात्रभर ठेवा आणि मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर दोष बहुधा गाडीत, १२.४च्या खाली घसरली तर लोड टेस्ट (बॅटरीवर भार टाकून तपासणी) करून घ्या, त्यातही नापास झाली तरच बदला. जुनी बॅटरी परत द्या, तिचे पैसे वजा होतात. आणि 'इतके अधिक इतके महिने' अशा वॉरंटीतले दुसरे महिने बहुतेकदा फक्त सवलतीचे असतात, फुकट बदलीचे नव्हेत. पावती करतानाच विचारा.