लहान आतड्यातली साधी गाठ: कॅप्सूल की सीटी, दुर्बिणीचं ऑपरेशन की पोट उघडून?

एचबी (हिमोग्लोबिन) आठच्या वर टिकत नाही, लोहाच्या गोळ्या झाल्या, रक्तही चढवून झालं. गॅस्ट्रोस्कोपी (तोंडातून दुर्बीण) नॉर्मल, कोलोनोस्कोपी (खालून दुर्बीण) नॉर्मल. किंवा दुसरा प्रकार: जेवल्यावर बेंबीभोवती पिळवटून कळ येते, उलट्या होतात, दोन दिवसांत आपोआप थांबतं आणि महिन्याभराने पुन्हा तेच. अशा रुग्णाची फाइल काखेत मारून नाशिकमध्ये मुंबई नाक्यापासून गंगापूर रोडपर्यंत फिरणाऱ्या घरच्यांसाठी हे लिहितोय.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तोंडातून घातलेली दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीच्या वळणापर्यंतच जाते. खालून घातलेली फार तर त्याच्या शेवटच्या टोकात डोकावते. मधलं कित्येक मीटर आतडं दोघींनीही पाहिलेलं नसतं, म्हणून दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले तरी त्या आतड्याबद्दल काहीच कळलेलं नसतं. तिथे साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या गाठी असू शकतात: लायपोमा (चरबीची गाठ), लिओमायोमा (स्नायूची), हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांची), ॲडिनोमा किंवा हॅमार्टोमा जातीचे पॉलिप (अस्तरातून आत वाढलेले कोंब). पचनमार्गाच्या लांबीत लहान आतड्याचा वाटा सुमारे तीन-चतुर्थांश, पण पचनमार्गातल्या एकूण गाठींत जेमतेम ५ टक्क्यांच्या आत. त्यामुळे ही शंका उशिराच येते. तोवर बाई असेल तर पाळीवर खापर फुटतं, शेतात राबणारा असेल तर जंतांवर. पोटदुखी असेल तर आपल्याकडे टीबी आधी आठवतो आणि त्यात चूक काही नाही, आतड्याचा टीबी या गाठींपेक्षा कितीतरी जास्त दिसतो. मात्र पुराव्याशिवाय टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या असतील आणि कळा थांबत नसतील, तर पुढची तपासणी मागायला संकोचू नका.

कोणती तपासणी आधी?

माझं मत स्पष्ट आहे. ज्याला अडकल्यासारख्या कळा येतात, त्याने आधी सीटी एंटेरोग्राफी (पाणी पाजून आतडी फुगवून केलेला सीटी स्कॅन) करावी. ज्याचं फक्त रक्त जातंय आणि पोट दुखत नाही, त्याला कॅप्सूलचा विचार करता येईल.

कॅप्सूल म्हणजे साधारण २६ मिलिमीटर लांबीची, कॅमेरा बसवलेली गोळी. उपाशीपोटी गिळायची, कमरेला रेकॉर्डरचा पट्टा बांधायचा आणि आठ-बारा तास इकडेतिकडे वावरायचं. भूल नाही, दाखल होणं नाही. २००१ साली हे तंत्र वापरात आल्यापासून रक्तस्रावाचा छडा लावणं खूप सोपं झालं. पण तिला आतून फक्त अस्तर दिसतं. भिंतीत दडलेली गाठ ती सरळ सोडून जाऊ शकते आणि गाठ नेमकी किती इंचांवर आहे हे नीट सांगत नाही. शिवाय वाट अरुंद असेल तर गोळी तिथेच अडकते, मग गोळी काढायला ऑपरेशन. गोळी बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय चालत नाही, तेव्हा चार दिवसांनी गुडघ्याचा एमआरआय ठरला असेल तर आधीच सांगा.

सीटी एंटेरोग्राफीत भिंत, भिंतीबाहेरचा भाग, गाठीचा आकार, सगळं दिसतं. लायपोमा असेल तर चरबीची घनता सीटीवर इतकी वेगळी उमटते की बहुतेकदा बायोप्सीशिवाय निदान होतं. एक आतडं पुढच्या आतड्यात शिरलं असेल (शर्टाची बाही दुमडताना आत जाते तसं), तर त्याची एकात एक वर्तुळं दिसतात. लहान मुलांत हे बऱ्याचदा कारणाशिवाय होतं. मोठ्या माणसात मात्र कळा येत असताना असं आतडं अडकलेलं दिसलं, तर टोकाशी गाठ असण्याची शक्यता बरीच असते.

इथे एक गोम आहे. चिठ्ठीवर नुसतं 'सीटी ॲब्डोमेन' लिहिलेलं असेल तर आतडी मिटलेली राहतात आणि दीड-दोन सेंटिमीटरची गाठ घड्यांत हरवून जाते. 'एंटेरोग्राफी' असेल तर स्कॅनआधी पाऊण-एक तासात लिटर-दीड लिटर गोडसर पाणी हळूहळू पाजतात, म्हणजे आतडी फुगून उलगडतात. नंतर दुपारभर संडासच्या फेऱ्या होतात, रिक्षाऐवजी घरची गाडी बरी. क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्तचाचणीचा) रिपोर्ट सोबत ठेवा, मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर विचारून घ्या. पण पोट फुगून, उलट्या होऊन इमर्जन्सीत आलेल्या माणसाला हे पाणी पाजायचं नसतं, तिथे साधी कॉन्ट्रास्ट सीटीच (शिरेतून औषध देऊन केलेली) पुरते.

तिसरा पर्याय बलून एंटेरोस्कोपीचा. फुग्यांच्या आधाराने आतडं गोळा करत दुर्बीण आत सरकवतात. भूल लागते, वेळ लागतो आणि हात बसलेला माणूस लागतो. फायदा हा की पॉलिप तिथेच कापता येतो किंवा सर्जनसाठी शाईची खूण करता येते. ओठांवर काळसर ठिपके आणि आतड्यात पॉलिप असा घराण्यात चालणारा प्यूट्झ-जेगर्स आजार असेल, तर पुन्हा पुन्हा पोट उघडण्यापेक्षा हाच मार्ग सरस. दीड-दोन सेंटिमीटरच्या पुढचे पॉलिप अडकण्याआधी काढून टाकतात. भिंतीतल्या गाठीची बायोप्सी मात्र याने फारशी साधत नाही, वरच्या अस्तराचा तुकडा येतो आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येतो.

ऑपरेशन: चार छिद्रं की मोठा काप?

योगायोगाने दिसलेला, त्रास न देणारा छोटा लायपोमा असेल तर ऑपरेशनच नको. रक्त जात असेल, कळा येत असतील किंवा गाठ नक्की साधीच आहे का याची शंका असेल, तर काढावी.

लॅप्रोस्कोपीत (पोटावरच्या छिद्रांतून दुर्बिणीने केलेल्या ऑपरेशनात) दुखणं कमी, चालणं लवकर, घरी जाणंही सहसा लवकर. द्राक्षाचे क्रेट उचलणाऱ्या माणसासाठी आणखी एक मुद्दा: मोठ्या कापातून पुढे हर्निया होण्याचा धोका जास्त. पण सर्जनच्या बोटांना आतडं लागत नाही आणि मऊ छोटी गाठ चिमट्याला कळत नाही. पोट उघडून केलं तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत आतडं दोन बोटांमधून सरकवत तपासता येतं, दुसरी गाठ असेल तर हाताला लागते.

म्हणून मला मधला मार्ग पटतो, आणि बरेच सर्जनही तोच धरतात. दुर्बिणीने जागा शोधायची, बेंबीपाशी चार-पाच सेंटिमीटरचा काप घ्यायचा, तेवढाच वेटोळा बाहेर ओढून गाठीचा भाग कापायचा, दोन टोकं जोडायची आणि आतडं परत आत. बोटांनी तपासणंही होतं. मात्र पोट खूप फुगलेलं असेल, आतडं काळं पडल्याची शंका असेल किंवा आधीच्या ऑपरेशनांमुळे आतडी चिकटलेली असतील, तर 'दुर्बिणीनेच करा' असा हट्ट धरू नका.

'आतडं कापलं तर पचणार काय' ही भीती घरोघरी असते. दहा-वीस सेंटिमीटर गेल्याने काही बिघडत नाही. लहान आतड्याचं शेवटचं टोक ६० सेंटिमीटरच्या वर गेलं, तर मात्र बी-१२ ची इंजेक्शनं घ्यावी लागण्याची शक्यता असते.

नाशिक की मुंबई?

आतडं अडकलेलं असेल तर हा प्रश्नच नाही. ऑपरेशन इथेच, त्याच दिवशी. कसारा घाट उतरण्यात आतडं जाऊ शकतं. रक्त हळूहळू जातंय, रुग्ण स्थिर आहे, तर सीटी नाशिकमध्ये करून फक्त सल्ल्यासाठी पंचवटी एक्सप्रेसने सकाळी जाऊन रात्री परत येता येतं. मुंबईला जाण्याचं खरं कारण बलून एंटेरोस्कोपी. इथे ती करणारे डॉक्टर मिळाले तर 'तुमच्या हातून अशा किती झाल्या' हे सरळ विचारा, चांगला डॉक्टर रागावत नाही. पैशांसाठी ॲडमिट होण्याआधी हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (सरकारी आरोग्य योजनेच्या मदतनिसाला) गाठा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण तुमचं ऑपरेशन त्या यादीत आणि ते हॉस्पिटल योजनेत आहे का, हे तोच सांगेल.

डिस्चार्ज घेताना एक काम राहू देऊ नका. काढलेल्या गाठीचा अंतिम पॅथॉलॉजी रिपोर्ट नंतर येतो, तो आणायला कुणीतरी नेमा. त्यात 'लिओमायोमा' असं लिहिलं असेल तर सीडी-११७ ही रंगचाचणी केली का ते विचारा. जिस्ट नावाची (कॅन्सरसारखी वागू शकणारी) गाठ सीटीवर आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही लिओमायोमासारखीच दिसू शकते, पण तिचा पाठपुरावा, आणि काहींना औषधं, वर्षानुवर्षं चालतात. चाचणी झाली नसेल तर लॅबमध्ये जपलेल्या, गाठीचा तुकडा असलेल्या मेणाच्या ठोकळ्यावर ती नंतरही करून मिळते.