थेट दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी हवेत: मेळाव्यात स्टॉल लावावा की तंत्रनिकेतनात जावं?

तंत्रनिकेतनात डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला येणारी मुलं हवी असतील तर जूनमध्ये शैक्षणिक मेळाव्यात स्टॉल लावायचा, की जानेवारीतच गाडी काढून तंत्रनिकेतनं गाठायची? सरकारी विद्यापीठातल्या एखाद्या विभागाकडं दोन्हीपुरते पैसे आणि माणसं क्वचितच असतात. कोल्हापुरात आमच्या विभागाच्या प्रवेशाचं काम माझ्याकडं असताना मी दोन्ही करून पाहिलं.

बारावीनंतर पहिल्या वर्षाला येणाऱ्यांसाठी मेळावा चांगलाच. कागल, इचलकरंजी, पार निपाणीपासून पालक येतात, चार कॉलेजं एका छताखाली बघतात, विभागाचं नाव कानावर पडतं. डिप्लोमावाल्यांचं मात्र फाइल उघडल्याशिवाय काही कळत नाही, आणि फाइल उघडायला तिथं ना वेळ असतो ना जागा.

एका मेळाव्यात आजऱ्याकडची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. डिप्लोमाचे गुण उत्तम. वडिलांनी एवढंच विचारलं, "सर, पोरीचं वरीस वाया जाणार न्हाई न्हवं?" मी गुणपत्रकं चाळली आणि राखीव जागेसाठी लागणाऱ्या जात पडताळणीचं विचारलं. अर्जच केला नव्हता. डिप्लोमाला तिचं जातीच्या दाखल्यावर भागलं होतं, त्यामुळं घरात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. मागं रांग लागलेली. "आजच अर्ज भरा" म्हणालो आणि पुढच्या पालकांकडं वळलो. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही, खुल्या गटातून तिला आमच्याकडं जागा मिळाली नाही. पाच महिने आधी कुणी सांगितलं असतं तर ती आमच्या वर्गात असती, हे माझ्या मनातून अजून जात नाही.

म्हणून पुढच्या जानेवारीत आम्ही दोघं शिक्षक तंत्रनिकेतनांत गेलो. शेवटच्या वर्षाच्या वर्गावर उभं राहिल्यावर आधी विभागाबद्दल काही बोललोच नाही. पडताळणीचा अर्ज कुणी केलाय, हात वर करा, असं विचारलं. मोजके हात वर झाले. नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र कोणत्या ३१ मार्चपर्यंत चालतंय ते घरी जाऊन बघायला सांगितलं. मग मुलंच बोलती झाली. गणित झेपेल का? आम्ही मुलं प्रवेशाच्या फेऱ्या संपवून येईपर्यंत गणितातलं लाप्लास निम्मं शिकवून झालेलं असतं का? असतं, हे मी लपवलं नाही. संध्याकाळचे जादा तास कसे घेतो तेही सांगितलं. मुलींनी फीचं विचारलं. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी माफ आहे, हे बऱ्याच जणींना ऐकून ठाऊक होतं. त्यासाठी प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, घ्यावा लागतो, हे ठाऊक नव्हतं.

यात त्रासही आहे. प्राचार्यांची परवानगी काढा, आपले तास बुडवा. चंदगडकडची फेरी म्हणजे अख्खा दिवस, आणि भेटणार एक-दोन वर्ग. मेळाव्यात तेवढी माणसं तासाभरात समोरून जातात. तरी त्या वर्षी आमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात राधानगरी, चंदगड भागातल्या मुली मला जास्त दिसल्या. हे मोजमाप म्हणून सांगत नाही, कारणं आणखीही असू शकतील.

शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखल्या, हे आपण दरवर्षी सांगतो. त्याच्या आदल्या वर्षी, १९०१ मध्ये, कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं होतं. पोरगं शहरात येऊन टिकलं पाहिजे, याची सोय आधी. वर्गात सगळ्या थरांतली मुलं हवीत असं म्हणताना मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो.

पदवी अर्धी झाल्यावर विद्यापीठ बदलणाऱ्यांसाठी २०२१ पासून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, म्हणजे मिळवलेले क्रेडिट्स जमा राहणारं ऑनलाइन खातं. पण आधीचा कोणता विषय आपल्याकडं धरायचा, हे अभ्यासक्रम शेजारी ठेवूनच ठरतं. तेही काम स्टॉलवर होत नाही.

तुमच्याकडं पहिल्या वर्षाच्याच जागा रिकाम्या राहत असतील तर मेळावा सोडू नका. दुसऱ्या वर्षाच्या भरायच्या असतील आणि पैसे एकाच गोष्टीपुरते असतील, तर मी गाडीत डिझेल भरेन. जाताना पडताळणीच्या कागदांची यादी छापून न्या. फळ्यावर लिहीपर्यंत तास संपतो.