ईएसएसचे शिक्षणाचे कॉलम: बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

युरोपियन सोशल सर्व्हे म्हणजे ईएसएसचा डेटा गेले बरेच महिने रोज उघडतोय, आणि त्यातले शिक्षणाचे कॉलम सगळ्यात जास्त वापरून झालेत. नव्याने काम सुरू करणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितोय. आधी निकाल सांगून टाकतो: ईएस-इस्केड नावाचा, शिक्षणाच्या पातळ्या सात पायऱ्यांत मांडणारा कॉलम मी ठेवलाय आणि पुढेही ठेवणार, पण कमी-मध्यम-जास्त अशी जी तीन गटांची विभागणी सगळीकडे दिसते ती कायमची सोडलीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ईएसएस २००२ पासून दर दोन वर्षांनी होतो, आणि शिक्षणाचा प्रश्न प्रत्येक देशात तिथल्याच परीक्षा नि पदव्यांची नावं घेऊन विचारतात, मग ती उत्तरं युनेस्कोच्या इस्केड, म्हणजे शिक्षणाच्या पातळ्यांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या आधारे एका सामाईक कोडमध्ये बसवतात. २०१० च्या पाचव्या फेरीपासून यात तीन आकडी सविस्तर कोड आला, आणि खरी मजा तिथेच आहे. माध्यमिकच्या कोडमध्ये पहिला आकडा पातळीचा, दुसरा सांगतो शिक्षण सर्वसाधारण होतं की व्यावसायिक, आणि तिसरा सांगतो की त्या सर्टिफिकेटवर पुढे कुठे प्रवेश मिळतो. म्हणजे ३१३ दिसला की समजायचं उच्च माध्यमिक, सर्वसाधारण, विद्यापीठाचं दार पूर्ण उघडं. ३२१ दिसला तर पातळी तीच, उच्च माध्यमिकच, पण व्यावसायिक, आणि तिथून पुढे उच्च शिक्षणाला थेट वाट नाही.

आता ही दोन माणसं तीन गटांच्या विभागणीत टाका. दोघंही 'मध्यम'. संपलं. जर्मनीसारख्या देशात जिथे एवढे लोक कंपनीत काम शिकत शिकत अप्रेंटिसशिप करतात आणि दुसरीकडे आबिटूर, म्हणजे विद्यापीठाचं दार उघडणारी शालान्त परीक्षा देऊन विद्यापीठात जाणारे वेगळे, तिथे समाजातली सगळ्यात ठळक रेष नेमकी या 'मध्यम' डब्याच्या आतून जाते आणि आपण ती पुसून टाकतो, वर पुन्हा म्हणतो की या देशात शिक्षणाचा परिणाम कमी दिसतोय. अहो, दिसणार कसा? परिणाम देशात कमी नाहीये, आपल्या मापात कमी झालाय. ईएस-इस्केड उच्च माध्यमिकचे खालचा नि वरचा असे दोन थर करतो, त्यामुळे यातलं बरंचसं वाचतं, आणि माझ्या मते या कॉलमचा सगळ्यात मोठा फायदा हाच आहे.

पण डोळे मिटून वापरायचा नाही. यात ० हा कोड आहे आणि त्याचा अर्थ अशिक्षित असा अजिबात नाही, अर्थ असा की हे उत्तर सात पायऱ्यांत बसवता आलं नाही. सुरुवातीच्या फेऱ्यांत काही देशांसाठी तो येतो. ५५ म्हणजे 'इतर', आणि ७७, ८८, ९९ म्हणजे उत्तर नाही वगैरे. हा कॉलम तसाच नंबर म्हणून मॉडेलमध्ये घातला की ० वाले सगळ्यात खाली जाऊन बसतात आणि ५५ वाले डॉक्टरेटच्याही कितीतरी वर, आणि सॉफ्टवेअर काही कुरकुर करत नाही. त्यामुळे फाइल उघडल्यावर पहिलं काम म्हणजे देश आणि फेरी यांचा टेबल काढून हे कोड कुठे कुठे साचलेत ते बघणं.

दुसरी डोकेदुखी वर्गीकरणच बदलतं ही. इस्केड १९९७ मध्ये ० ते ६ पातळ्या होत्या, २०११ च्या आवृत्तीत ० ते ८ झाल्या, आधी पाचमध्ये कोंबलेलं बरंचसं उच्च शिक्षण आता ५, ६, ७ मध्ये वाटलं गेलं. पदवी नि मास्टर्स वेगळे दिसायला लागले हे चांगलंच झालं, पण त्यासोबत काही सर्टिफिकेटं जागची हलली. ऑस्ट्रियाचं उदाहरण घ्या, तिथल्या पाच वर्षांच्या उच्च व्यावसायिक शाळा आधी चारमध्ये होत्या, नव्या वर्गीकरणात त्यांची शेवटची वर्षं पाचमध्ये म्हणजे उच्च शिक्षणाच्या स्तरात गेली, आणि युरोपच्या अधिकृत आकडेवारीत २०१४ ला ऑस्ट्रियात उच्चशिक्षितांचं प्रमाण एकदम उडी मारतं. तिथे एका वर्षात कुणी जास्त शिकलं नव्हतं. जर्मनीतला माइस्टर, म्हणजे कारागिरीतली वरची परीक्षा पास झालेला माणूस, आता बॅचलर पदवीच्याच पातळीवर सहामध्ये येतो. हे बरोबर की चूक यावर वाद घालता येईल, मला स्वतःला त्यात तथ्य वाटतं, पण तुमचा प्रश्न विद्यापीठातल्या अनुभवाचा असेल तर हे दोघं एकत्र नकोत.

मग शिक्षणाची वर्षंच का घेऊ नयेत, असं बरेच जण विचारतात. तो कॉलमही आहे, वापरलाय. नंबर आहे म्हणून सोयीचा वाटतो पण मला तितका भरवसा नाही, कारण पार्ट टाइम शिक्षण फुल टाइमच्या हिशोबात धरून वर्षं सांगा असं माणसाला विचारायचं आणि त्याने ते तिथल्या तिथे मनात मोजायचं. नापास झालेली वर्षं कुणी धरतं, कुणी नाही, कामासोबत झालेल्या ट्रेनिंगचंही तेच. बारा वर्षं विद्यापीठाकडे जाणाऱ्या शाळेत काढली काय आणि व्यावसायिक मार्गाने काढली काय, नंबर बाराच. एकाच देशात पिढ्यांची तुलना करायला ठीक, देशादेशांत जपून.

ईएसएसबाहेरच्या बाकीच्या मापांबद्दल पटकन. आयएसएसपी या अनेक देशांत होणाऱ्या दुसऱ्या सर्व्हेमध्ये २०११ पासून पदवीच्या कॉलमचे कोड बदलले, जुना ५ म्हणजे विद्यापीठ पूर्ण, नवा ५ म्हणजे उच्च शिक्षणाचा खालचा टप्पा आणि मास्टर्सपासून वरचे ६ मध्ये, त्यामुळे जुन्या-नव्या फाइली तशाच एकाखाली एक जोडू नका. आयपम्स इंटरनॅशनल या देशोदेशींच्या जनगणनांच्या डेटासंग्रहाचा सामाईक कॉलम शक्य तिथे प्राथमिक, निम्न माध्यमिक नि उच्च माध्यमिक असा ६-३-३ वर्षांचा साचा लावतो, जगभरच्या जनगणना जोडायला उत्तम, पण एखाद्या देशातलं 'प्राथमिक पूर्ण' तिथल्या लोकांच्या समजुतीशी जुळेलच असं नाही. श्र्योडर आणि गांझेबूम यांची २०१४ ची इस्लेड ही ० ते १०० ची पट्टी मला फार आवडली, प्रत्येक पदवीला एकच नंबर मिळतो आणि व्यावसायिक-सर्वसाधारण फरकही टिकतो. फक्त ते गुण पदवीचा समाजातली जागा मिळवायला किती उपयोग होतो यावरून काढलेत, म्हणून शिक्षणाचा नोकरीवर परिणाम तपासायला तीच पट्टी वापरली तर थोडं गोल फिरल्यासारखं होतं.

सध्या माझी पद्धत अशी: मुख्य मॉडेल ईएस-इस्केडवर, आकडा म्हणून नाही तर वेगवेगळे गट म्हणून, मग तेच मॉडेल इस्लेडवर आणि तेच वर्षांवर. तिन्हींत दिशा एकच असेल तर पुढे जातो. एखादा देश एका मापात वर नि दुसऱ्यात खाली दिसला की त्या देशाचा स्वतःचा मूळ कॉलम उघडतो, ज्यात तिथल्या परीक्षांची नावं जशीच्या तशी असतात, आणि कुठली परीक्षा कुठल्या कोडमध्ये गेली ते शिक्षणाच्या परिशिष्टात ओळीने ओळ बघतो. वेळखाऊ आहे, एकेका देशात दुपार जाते. पण बहुतेक वेळा घोळ एखाद्या मोठ्या व्यावसायिक सर्टिफिकेटपाशीच सापडतो, आणि ते कुठल्या बाजूला धरलंय हे मी आता पेपरमध्ये देशाच्या नावासकट लिहितो, तळटीपेत नाही, पद्धतीच्या भागात.