मत्तेओ रिच्चीच्या ग्रंथासोबत पावसाळा काढल्यावर

जूनमध्ये घेतलं, दिवाळी आली तरी उशाशीच आहे. रिच्ची या इटालियन जेझुइट पाद्र्याने चिनीत लिहून १६०३ साली पेकिंगमध्ये छापलेला हा ग्रंथ, ‘थ्येन-चू शी-यी’, म्हणजे ‘स्वर्गाच्या स्वामीचा खरा अर्थ’. माझी प्रत चिनी-इंग्रजी. चिनी येत नाही, म्हणजे अर्धे पैसे नुसते बघण्याचे!

आठ प्रकरणं, एक चिनी पंडित आणि एक पाश्चात्त्य पंडित यांचा संवाद. सुरुवात रेटून काढावी लागते, सगळा ॲरिस्टॉटलचा तर्क. दुसऱ्या प्रकरणापासून रिच्चीचा डाव कळतो. प्राचीन चिनी ग्रंथांतला ‘शांगती’ म्हणजे आमचाच देव, असं म्हणून तो कन्फ्यूशिअसला आपल्या बाजूला ओढतो आणि कन्फ्यूशिअसच्या सोंग राजवटीतल्या भाष्यकारांना खोडून काढतो. बौद्धांना तर धारेवरच धरतो. पुनर्जन्माची कल्पना मुळात पायथागोरसची, तिथून ती भारतात गेली, असं तो ठोकून देतो. १५७८ ते १५८२ हा माणूस गोव्यात आणि कोचीनला राहून गेला होता, तरी हे!

आठवं प्रकरण मात्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. चिनी पंडित विचारतो, तुम्ही लग्न करत नाही. वंश न चालवणं हा आईबापांविरुद्धचा सगळ्यात मोठा अपराध, असं कन्फ्यूशिअसच्या परंपरेतला तत्त्वज्ञ मेन्शिअस सांगतो, त्याचं काय? रिच्ची म्हणतो, पो-यी, शू-छी आणि पी-कान या प्राचीन चिनी सत्पुरुषांना कन्फ्यूशिअसने थोर मानलं, तिघेही निपुत्रिक. मग तेही कुपुत्र का? त्यांच्याच घरातला दाखला त्यांच्याच पुढ्यात.

खटकलं ते हे की चिनी पंडित फार लवकर मान डोलावतो. खरे पंडित इतके सोपे नव्हते. आणि येशूचा जन्म शेवटी थोडक्यात येतो, क्रूसावरचं मरण येतच नाही. रिच्ची गोव्यात असतानाच तिथे आलेल्या इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सने १६१६च्या मराठी क्रिस्तपुराणात ख्रिस्तचरित्र ओवीओवीने सांगितलं. पण त्याचे श्रोते बाप्तिस्मा घेतलेले होते, रिच्चीला अजून दारच उघडायचं होतं. त्यामुळे मला हा लपवाछपवीपेक्षा हिशेब वाटतो.

चिनी ख्रिस्त्यांनी पूर्वजपूजा करावी की नाही यावरचा पुढचा तंटा, म्हणजे पोपने १७१५ साली त्यावर घातलेली बंदी आणि १७२१मध्ये खांगशी बादशहाने चिडून दिलेलं उत्तर, यात अर्थातच नाही. त्यासाठी दुसरं पुस्तक लागेल. पाचपैकी चार तारे. घाई असेल तर दुसरं, पाचवं आणि आठवं प्रकरण वाचा, बाकीची सवडीने.