इंटरनेटवरून फॅक्स: आधी टी.३८ आहे का ते विचारा

परगावी फॅक्स पाठवताना लागणारे लांब पल्ल्याच्या कॉलचे शुल्क वाचावे म्हणून आम्ही जुने फॅक्स यंत्र तसेच ठेवले, त्याला एक लहानसा अडॅप्टर जोडला आणि इंटरनेटवरून फॅक्स पोहोचवणारी सेवा घेतली. नंबर लावून कागद सरकवायचा, एवढेच काम पूर्वीप्रमाणे राहते. पान इंटरनेटवरून समोरच्या गावाजवळच्या गेटवेपर्यंत, म्हणजे इंटरनेट आणि टेलिफोन जोडणाऱ्या यंत्रापर्यंत, जाते आणि तेथून पुढे स्थानिक कॉल लागतो. बिल खरोखरच कमी होते.

मात्र अडॅप्टर आला तेव्हा त्यात टी.३८, म्हणजे इंटरनेटवरून फॅक्स पाठवण्याची खास पद्धत, बंद होते आणि फॅक्स साध्या आवाजासारखा जात होता. लहान पत्रे नीट पोहोचत. पानांची संख्या वाढली की मध्येच कॉल तुटे आणि समोरच्याच्या हाती अर्धे छापलेले पान पडे. कारण उघड आहे. बोलताना एखादे पॅकेट, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा माहितीचा छोटा तुकडा, हरवले तर कानाला जाणवतही नाही, पण फॅक्सचा मोडेम, म्हणजे पानाचे सूर बनवणारा आणि वाचणारा भाग, तेवढ्यानेही गोंधळतो. जी.७२९ हा सेकंदाला ८ किलोबिटचा कोडेक, म्हणजे आवाज आकड्यांत बदलून पाठवण्याची पद्धत, तर केवळ बोलण्यासाठीच घडवलेला असल्याने त्यातून फॅक्सचे सूर शाबूत जात नाहीत. ६४ किलोबिटच्या जी.७११ वर फॅक्स चालतो, पण पॅकेटे हरवत नाहीत तोवरच.

आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या १९९८ च्या टी.३८ या मानकात गेटवे फॅक्सचे सूर उलगडून त्यातील माहितीच पाठवतो आणि प्रत्येक पॅकेटासोबत आधीच्या पॅकेटांची प्रतही जोडू शकतो. तक्रार केल्यावर सेवादात्याने यंत्राचा वेग सेकंदाला ९,६०० बिटांवर आणून त्रुटीदुरुस्ती, म्हणजे ईसीएम, बंद करायला सांगितले. हा सल्ला मला मुळीच पटत नाही, कारण ईसीएम बंद केले की खराब झालेला भाग पुन्हा मागवलाच जात नाही आणि करारातील एखादी ओळ पुसट किंवा गायब झाली तरी पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही. टी.३८ चालू करून घेतल्यावर ईसीएमसह लांबलचक दस्तऐवजही व्यवस्थित जाऊ लागले.

या सेवेची मला सर्वांत आवडलेली बाब म्हणजे पोच. कॉल चालू असतानाच समोरच्या यंत्राने पान स्वीकारल्याचा संकेत परत येतो. ईमेलद्वारे साठवून पुढे पाठवणाऱ्या सेवांमध्ये सुरुवातीला कळते ते एवढेच की फॅक्स सेवेकडे जमा झाला. न्यायालयीन किंवा वैद्यकीय कागदांसाठी हा फरक फार मोठा आहे.

काही गंतव्यांसाठी सेवादाता स्वस्त मार्ग वापरतो आणि त्या मार्गावर टी.३८ नसले की जुना त्रास पुन्हा सुरू होतो. म्हणून करार करण्यापूर्वी आपण नेहमी जेथे फॅक्स पाठवतो त्याच नंबरांवर, दाट मजकुराची अनेक पाने पाठवून चाचणी घ्यावी. यंत्र ३३,६०० वेगाचे सुपर जी३ (वेगवान फॅक्स यंत्रांचा प्रकार) असेल तर ती सोय बंद करून १४,४०० वरच ठेवावे, कारण टी.३८ च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत त्यापुढच्या वेगाची तरतूदच नव्हती.