मिरिसाचा देवमासा आणि आमचे बुडालेले ३८ हजार

दहावी झाली की लेकीला निळा देवमासा दाखवायचा, हे आमच्या घरात दोन वर्षांपासून ठरलेलं होतं. ३० मीटरपर्यंत वाढणारा, जगातला सगळ्यात मोठा प्राणी. श्रीलंकेच्या दक्षिणेला मिरिसाजवळ समुद्र किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर एकदम खोल होतो, त्यामुळे सकाळी बोटीने निघालं तर दुपारपर्यंत तो बघून परत येता येतं.

ओळखीतून एका एजंटचा नंबर मिळाला. "मॅडम, मे अखेरीला जा, गर्दी कमी, रेट कमी. हंड्रेड पर्सेंट गॅरंटी, दिसला नाही तर फुल रिफंड. हात लावाल इतक्या जवळून दाखवतो." सोबत शेपटी उंच उडवणाऱ्या देवमाशाचा व्हिडिओ. चौघांच्या बोटीचे ३८ हजार आगाऊ मागितले, तेही कंपनीच्या नाही, कुणा बाईच्या खात्यावर. मी लगेच यूपीआयने पाठवले.

पहाटे साडेपाचला मिरिसाच्या बंदरात पोचलो तर मोठ्या बोटी सगळ्या बांधलेल्या. एजंटच्या माणसाने आम्हाला मासेमारीच्या एका छोट्या होडीत बसवलं. चार माणसांत लाइफ जॅकेटं दोन. एक लेकीला घातलं, एक सासूबाईंना. त्यांच्या जॅकेटचा पट्टा तुटका होता, तो मी ओढणीने बांधला. बंदराच्या तोंडाशी पोचताच लाटा अशा उसळल्या की सासूबाईंनी माझा दंड धरला तो सोडेचनात. नाखव्याने स्वतःच होडी वळवली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, इथला हंगाम एप्रिललाच संपला. आता देवमासे बघायचे तर त्रिंकोमालीला जा. ते बेटाच्या पार दुसऱ्या अंगाला.

माझं माहेर हर्णैचं. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे होड्या वर ओढून शाकारतात, त्या नारळी पौर्णिमेपर्यंत दर्यात जात नाहीत. तोच नैर्ऋत्येचा पाऊस मिरिसाला आपल्या आधी पोचतो. एवढं लहानपणापासून बघूनही मी तारखा तपासल्या नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. मिरिसाचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल, त्रिंकोमालीचा साधारण मे ते ऑक्टोबर. तिकीट काढायच्या आधी एवढं बघाच.

आणि कुणी हात लावण्याइतक्या जवळ नेतो म्हणाला तर तिथेच थांबा. श्रीलंकेत देवमाशापासून बोट १०० मीटर लांब ठेवायचा नियम आहे. तो पाळणारा बोटवाला असं बोलणार नाही. दिसण्याची हमीही कुणी देऊ शकत नाही. देवमासा काही कुणाच्या दावणीला बांधलेला नसतो.

परत आल्यावर एजंटला फोन केला. "बोट निघाली होती ना मॅडम? मग सर्व्हिस झाली." दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवलं, पण तोवर महिना उलटला होता. अशा वेळी पहिल्याच दिवशी फोन करायला हवा, पैसे पुढे सरकायच्या आत. आमचे अजून आलेले नाहीत.

त्या रात्री लेकीने तो व्हिडिओ थांबवून मोठा करून दाखवला. "आई, मागे बघ." शेपटीच्या मागे धुरकट, पण स्पष्ट, बर्फाने झाकलेला डोंगर होता. श्रीलंकेत बर्फ कुठला?

गेल्या आठवड्यात शेजारणीने मला एक व्हिडिओ दाखवला. नंबर नवा, सहल जुलैची, ठिकाण मिरिसा. मागे तोच डोंगर.