किक-बेसची मारामारी: साइडचेन कॉम्प्रेसर की व्हॉल्यूम शेपर?

घरी केलेला डान्स ट्रॅक हेडफोनवर दणदणीत वाटतो आणि मोठ्या स्पीकरवर लावला की खालचा भाग नुसता घुमतो, ही तक्रार असेल तर आधी किक (ड्रमचा खालचा ठोका) आणि बेस (खालच्या सुरांची ओळ) तपासा. दोघांचा मुक्काम साधारण 40 ते 100 हर्ट्झच्या पट्ट्यात. सारख्या पातळीचे, एकाच फ्रिक्वेन्सीचे दोन आवाज फेज (लाटांचे चढउतार) जुळून एकत्र आले तर पातळी 6 डेसिबलने वाढते. फेज उलटी पडली तर किकचा दणकाच गायब. पहिल्या प्रकारात लिमिटरची (पातळी ठरावीक मर्यादेवर रोखणाऱ्या साधनाची) सगळी ताकद बेस आवरण्यात जाते आणि ट्रॅक काही केल्या लाऊड होत नाही.

म्हणून किक वाजताना बेसने बाजूला व्हायचं, एवढं सगळ्यांना मान्य आहे. वाद आहे तो साधनाचा.

साइडचेन कॉम्प्रेसर किकचं सिग्नल ‘ऐकून’ बेस दाबतो. जवळपास प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तो असतोच, त्यामुळे वेगळा खर्च नाही. पण तो आधी ऐकतो, मग दाबतो. अटॅक, म्हणजे दाब बसायला लागणारा वेळ, 10 मिलिसेकंद ठेवलात तर किकची सुरुवात आणि बेस तेवढा वेळ एकमेकांवर आदळतातच. अटॅक शून्याजवळ नेलात तर ‘टिक’ असा आवाज येऊ शकतो. रिलीजचं, म्हणजे दाब सुटायला लागणाऱ्या वेळाचं, दुखणं वेगळं: 50 हर्ट्झच्या लाटेचं एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं असतं. रिलीज त्याहून लहान ठेवला तर कॉम्प्रेसर आवाजाच्या पातळीऐवजी लाटेचाच आकार पकडायला लागतो आणि बेस खरखरतो. लुकअहेडने (सिग्नल थोडं आधी वाचण्याच्या सोयीने) अटॅकचा प्रश्न सुटतो, बदल्यात थोडी लेटन्सी, म्हणजे आवाजाला उशीर, येते. शिवाय किकची पातळी बदलली की दाबही बदलतो. मिक्सच्या शेवटी किक 2 डेसिबलने वर नेली की थ्रेशोल्ड (दाब सुरू होण्याची पातळी) पुन्हा बघा. (साइडचेनसाठी किकचा वेगळा, म्यूट केलेला ट्रॅक ठेवला तर हा त्रास वाचतो, आणि ब्रेकडाउनमध्ये (ट्रॅकच्या शांत भागात) किक नसतानाही पंपिंग, म्हणजे आवाजाचं तालात खालीवर होणं, चालू ठेवता येतं.)

व्हॉल्यूम शेपर काहीच ऐकत नाही. टेम्पोला बांधलेला व्हॉल्यूमचा वक्र तुम्ही हाताने काढता, तो दर बीटला तसाच्या तसा वाजतो. 128 बीपीएमला (मिनिटाला 128 बीट) एक बीट सुमारे 469 मिलिसेकंदांची. किकची शेपटी 200 मिलिसेकंदांत संपत असेल तर बेस नेमका तिथून वर आणायचा. कॉम्प्रेसरमध्ये हे अंदाजाने, शेपरमध्ये डोळ्यांसमोर. एलएफओ टूल, किकस्टार्ट, शेपरबॉक्स ही त्यातली परिचित नावं. एफएल स्टुडिओच्या ग्रॉस बीटमध्ये किंवा एबलटन लाइव्हच्या ऑटो पॅनमध्ये फेज शून्य करूनही काम भागतं. वक्र सुरुवातीला अगदी उभा काढू नका, दोन-तीन मिलिसेकंदांचा उतार द्या, नाहीतर इथेही टिक येते.

त्याची अडचण उघड आहे. किक ग्रिडवरून (बीटच्या ठरलेल्या जागेवरून) हलली, फिलमध्ये (ड्रमच्या छोट्या भरणीत) दोन किक लागोपाठ आल्या, की शेपर आपल्याच तालात. ब्रेकबीट किंवा ड्रम अँड बेसमध्ये त्याला मिडी (सुरांच्या डिजिटल सूचना) किंवा ऑडिओ ट्रिगर, म्हणजे सुरू होण्याचा इशारा, द्यावाच लागतो.

माझं मत सरळ आहे. हाऊस, टेक्नो, ट्रान्स, म्हणजे दर बीटला किक असेल तर शेपर घ्या. बेस किती खाली न्यायचा हे ठरवायला कानांवर कमी आणि वक्रावर जास्त विसंबता येतं, आणि घरच्या खोलीत खालचे सूर धड ऐकूच येत नाहीत तेव्हा याचा फार फायदा होतो. तुटक ताल असेल तर कॉम्प्रेसर. पॅड, रिव्हर्ब यांना हलकं डोलवायचं असेल तरीही मी कॉम्प्रेसरच लावेन, 3-4 डेसिबल दाब पुरतो. तिथली किंचित अनियमितता कानाला गोड लागते. मल्टिबँड डकिंगचा (फक्त ठरावीक फ्रिक्वेन्सीचा पट्टा दाबण्याचा) मोह मात्र बेसच्या वरच्या हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी) खरोखरच गळत असतील तरच.

काहीही निवडा, चाचणी एकच. बाकी सगळं म्यूट करून आधी फक्त किकचा पीक मास्टर मीटरवर बघा, मग किक-बेस एकत्र. दोन्ही आकड्यांत डेसिबलभराहून जास्त फरक दिसला तर बेस अजून किकच्या अंगावर आहे; वक्र थोडा रुंद करा किंवा किकची शेपटीच कापा.